टॉमकॅटचा व्यवस्थापन पोर्ट एकाच पत्त्यावर बांधण्याची रीत: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

टॉमकॅट हा जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर-प्रोग्राम. त्यावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनची प्रकृती दुरून पाहण्यासाठी जेएमएक्स ही सोय असते, आणि तिच्यासाठी उघडलेले सर्व्हरचे क्रमांक असलेले दार म्हणजे व्यवस्थापन पोर्ट. मेमरी किती भरली, थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारी कामे) कुठे अडकले, डेटाबेसच्या जोडण्या संपल्या का, हे सारे तिथे दिसते. ती सुरू करायला तीनचार ओळी पुरतात. मात्र ती सर्व्हरच्या एकाच पत्त्यापुरती मर्यादित करायला निघालेले बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. जालना, परभणी, लातूर या पट्ट्यातील जिनिंग कारखाने, पतसंस्था आणि महाविद्यालये यांचे सर्व्हर पाहताना मला ही चूक इतक्या वेळा सापडली आहे, की आता नवीन ठिकाणी गेल्यावर मी आधी तीच शोधतो.

चूक अशी, की तीन वेगळ्या पत्त्यांची गल्लत होते. सर्व्हर ज्या पत्त्यावर कान देऊन बसतो तो ऐकण्याचा पत्ता. जोडणी मागणाऱ्याला सर्व्हर "पुढचे बोलणे इथे येऊन करा" म्हणून जो कळवतो तो सांगण्याचा पत्ता. आणि ज्या संगणकावरून माणूस येतो तो येणाऱ्याचा पत्ता. या तिन्हींची नियंत्रणे तीन ठिकाणी आहेत आणि एक बदलले म्हणून दुसरे बदलत नाही. खालचे सगळे टप्पे याच भेदावर उभे आहेत.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी घेऊ. जिनिंग कारखान्यातील सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ असून तो कार्यालयाच्या नेटवर्कवर आहे. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२०.५ असून तो वजनकाट्याकडे जातो, आणि तिथल्या वायफायचा पासवर्ड कापूस घेऊन येणाऱ्या निम्म्या गाडीवाल्यांना पाठ असतो. देखरेख करणारा संगणक कार्यालयात १९२.१६८.१०.२१ वर आहे. व्यवस्थापन पोर्ट फक्त १९२.१६८.१०.५ वर उघडावा आणि तिथेही फक्त १९२.१६८.१०.२१ ला प्रवेश मिळावा, हे आपले उद्दिष्ट आहे. त्यासाठी दोन पोर्ट लागतील: पहिल्या जोडणीसाठी ९०१० आणि प्रत्यक्ष बोलण्यासाठी ९०११.

लेखनाविषयी एक सूचना आधीच देतो. सेटिंगची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच लिहावयाची आहेत. "कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट" हे बहुतेक सेटिंगच्या नावांचे समान आद्यपद आहे. ते प्रत्येक वेळी न लिहिता पुढे मी "पोर्ट", "होस्ट", "आरएमआय.पोर्ट" असे फक्त शेवटचे पद देईन. टिंब देऊन ते आद्यपदाला जोडून वाचावे.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

हे काम हंगामात करू नये. सेटिंगमध्ये एक आकडा चुकला तरी केवळ व्यवस्थापन पोर्ट बंद राहून भागत नाही, तर जावाची संपूर्ण प्रक्रिया सुरू होण्याचेच नाकारते, म्हणजे वजनकाट्यावरील पावतीही निघत नाही. दसऱ्यानंतर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना हा अनुभव कोणी घेऊ नये. रात्रीची किंवा सुट्टीच्या दिवसाची वेळ ठरवावी आणि सर्व्हरसमोर प्रत्यक्ष बसता येईल अशी सोय ठेवावी, कारण फायरवॉलच्या टप्प्यात दुरून आलेला माणूस स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ शकतो.

जावाची आवृत्ती पाहावी. ऐकण्याचा पत्ता ठरवणारी "होस्ट" ही सेटिंग जावा ८ मध्ये अपडेट १०२ पासून आली. त्याआधीच्या अपडेटवर ती लिहिली तरी काही उपयोग होत नाही आणि काही तक्रारही येत नाही. टर्मिनलवर दिसणारी आवृत्ती आणि टॉमकॅट प्रत्यक्ष वापरत असलेली आवृत्ती यांत पुष्कळदा फरक असतो. म्हणून चालू प्रक्रिया कोणत्या फोल्डरमधील जावा वापरते हे पाहून त्याच फोल्डरमधील जावाला आवृत्ती विचारावी.

टॉमकॅट कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो तेही टिपून ठेवावे. पासवर्ड फाइलीची मालकी त्याच्याकडेच असावी लागते आणि चौथ्या टप्प्यातील अर्ध्या अडचणी इथूनच येतात. शेवटी, बदलावयाच्या प्रत्येक फाइलीची तारीख घातलेली प्रत काढून ठेवावी.

## टप्पा १: आज काय उघडे आहे ते पाहावे

लिनक्सवर "एसएस" ही आज्ञा एल, टी, एन, पी या चार पर्यायांसह रूट अधिकाराने चालवावी. विंडोजवर "नेटस्टॅट" ए, एन, ओ या पर्यायांसह चालवावे. आलेल्या यादीतील जावाच्या ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात आणि पोर्टच्या आकड्यापुढे लिहिलेला पत्ता नीट वाचावा. तिथे तारांकन, ०.०.०.० किंवा कंसातील दोन विसर्गचिन्हे दिसली, तर तो पोर्ट सर्व कार्डांवर उघडा आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात गाडीवाल्यांच्या वायफायवरही. १२७.०.०.१ दिसला, तर तो पोर्ट त्या संगणकाच्या आतूनच वापरता येतो.

जावाच्या काही ओळींत पत्त्याआधी "एफएफएफएफ" आणि विसर्गचिन्ह दिसते. ते पाहून दचकू नये. आयपीव्ही६च्या सॉकेटवरून आयपीव्ही४चा पत्ता ऐकला जात असेल तर तो असा लिहिला जातो. त्यापुढचे चार आकडे हाच खरा पत्ता.

पडताळणी: टॉमकॅटचे ८०८० आणि ८००५ हे पोर्ट यादीत असतील. ८००५ हा बंद करण्याची आज्ञा घेणारा पोर्ट असून तो मूळ मांडणीत १२७.०.०.१ वरच असतो. हे दोन्ही या कामाचा भाग नाहीत, त्यांना हात लावू नये. ब्राउझरमधून उघडणारे टॉमकॅटचे "मॅनेजर" पानही वेगळे. त्याच्यावरील निर्बंध त्याच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्ट फाइलीत असतात.

## टप्पा २: सर्व्हरचा पत्ता स्थिर करावा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि त्याचा परिणाम दोनतीन महिन्यांनी दिसतो. पोर्ट १९२.१६८.१०.५ वर बांधला आणि तो पत्ता राउटरने डीएचसीपीने, म्हणजे आपोआप वाटपाने, तात्पुरता दिलेला असेल, तर एखाद्या संध्याकाळी वीज जाते, इन्व्हर्टर दमतो, राउटर आणि सर्व्हर दोन्ही बंद पडतात, आणि वीज आल्यावर सर्व्हरला १९२.१६८.१०.८ मिळतो. आता १०.५ हा पत्ता त्या संगणकाचा उरलेला नाही. जावा तिथे बसू पाहते, जागा मिळत नाही, आणि ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. आपल्या भागात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको, त्यामुळे हा प्रसंग क्वचितचा मानता येत नाही. एका ठिकाणी मी स्वतः हा टप्पा "नंतर करू" म्हणून सोडला होता. वळवाच्या पहिल्या पावसानंतर पहाटे साडेपाचला फोन आला.

उपाय दोन आहेत. सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्येच स्थिर पत्ता लिहावा, किंवा राउटरमध्ये त्या कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी १९२.१६८.१०.५ राखून ठेवावा. सर्व्हरसाठी मी पहिला उपाय पसंत करतो, कारण राउटर बिघडून नवा आला की राखीव नोंदी जुन्यासोबतच जातात. मात्र स्थिर पत्ता लिहिताना तो राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा असावा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५ ठीक आहे. १५० निवडला, तर तोच पत्ता उद्या एखाद्या मोबाइललाही मिळू शकतो.

इशारा: पत्ता बदलताना दुरून जोडलेले असाल तर जोडणी तुटेल. हा बदल सर्व्हरसमोर बसूनच करावा.

## टप्पा ३: लूपबॅक की कार्यालयीन पत्ता, हे ठरवावे

पुढे जाण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. देखरेख करणारा माणूस अधूनमधून येऊन जेकन्सोल किंवा व्हिज्युअलव्हीएम ही जेएमएक्स पाहण्याची साधने उघडून पाहणार असेल, तर पोर्ट १२७.०.०.१ वर म्हणजे लूपबॅकवर बांधावा आणि एसएसएच या कूटबद्ध दूरजोडणीच्या बोगद्यातून तिथे पोहोचावे. हा मार्ग सर्वांत निर्धोक आहे. नेटवर्कवर नवा पोर्ट दिसत नाही, पासवर्ड उघडा जात नाही, आणि लूपबॅक पत्ता कधी बदलत नसल्याने दुसऱ्या टप्प्यातील भीतीही उरत नाही. संभाजीनगरमध्ये बसून व्हीपीएनवरून परभणीचा सर्व्हर पाहणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा. पोर्ट थेट व्हीपीएनच्या पत्त्यावर बांधण्याचा मोह होतो, पण व्हीपीएन उभे राहण्याआधी टॉमकॅट सुरू झाला, तर तो पत्ता अस्तित्वातच नसतो.

देखरेख अखंड आणि यंत्राकडून होणार असेल, उदाहरणार्थ झॅबिक्स या देखरेख-प्रणालीचे जावा गेटवे दुसऱ्या संगणकावर असेल, तर मात्र कार्यालयीन पत्ता लागतो. खालील टप्पे या दुसऱ्या मार्गासाठी लिहिले आहेत. लूपबॅकचा मार्ग घेणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी १९२.१६८.१०.५ ऐवजी १२७.०.०.१ वाचावे आणि पाचवा टप्पा सोडून द्यावा.

बोगद्याची एक अट लक्षात ठेवावी. आपल्या संगणकावरील पोर्टचा आकडा आणि सर्व्हरवरील पोर्टचा आकडा एकच ठेवावा लागतो. पहिली जोडणी झाल्यावर सर्व्हर पुढच्या बोलण्यासाठीचा पत्ता आणि पोर्ट स्वतः कळवतो, आणि आपला प्रोग्राम अगदी तोच आकडा शोधतो. "माझ्याकडे ९०११ आधीच वापरात आहे म्हणून बोगद्याचे इकडचे टोक १९०११ केले" असे केल्यास पहिली जोडणी होते आणि दुसरी अडकते. दोन पोर्ट असल्याने बोगदेही दोन लागतात, हेही विसरले जाते.

## टप्पा ४: पासवर्ड आणि अधिकारांच्या फाइली

पत्ता मर्यादित केला म्हणून पासवर्ड नको, हा समज घातक आहे. जेएमएक्समध्ये केवळ पाहण्याचे नव्हे तर बदलण्याचेही अधिकार असतात. पासवर्डाविना उघडा राहिलेला पोर्ट वापरून सर्व्हरवर परका जावा कोड चढवून चालवता येतो, आणि हे तंत्र जगजाहीर आहे. कार्यालयातील एखाद्या संगणकात व्हायरस शिरला, तर तो "आतल्या" पत्त्यावरूनच येणार.

१. जावासोबत पासवर्ड फाइलीचा नमुना आणि अधिकारांची फाइल येते. जावा ८ मध्ये ती जेआरईच्या लिब फोल्डरमधील मॅनेजमेंट फोल्डरात असते, पुढच्या आवृत्त्यांत कॉन्फ फोल्डरमधील मॅनेजमेंट फोल्डरात. या दोन्हींच्या प्रती टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरात घ्याव्यात. मूळ फाइलींत बदल केल्यास जावा अद्ययावत होताना ते पुसले जाऊ शकतात.

२. अधिकारांच्या फाइलीत दोन भूमिका आधीपासून असतात. मॉनिटररोल फक्त पाहू शकतो, कंट्रोलरोल बदलही करू शकतो. देखरेखीच्या यंत्राला मॉनिटररोलच द्यावा. कंट्रोलरोलची खरोखर गरज नसेल तर त्याची ओळ काढून टाकावी.

३. पासवर्ड फाइलीत प्रत्येक ओळीवर भूमिकेचे नाव, मोकळी जागा आणि पासवर्ड लिहावा. नमुन्यातील ओळींपुढे टिप्पणीचे चिन्ह असते; ते न काढल्याने "पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" ही तक्रार उद्भवते.

४. पासवर्ड फाइलीची मालकी टॉमकॅटच्या वापरकर्त्याला द्यावी आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, करावी. इतर कोणालाही ती वाचता येत असेल, तर फाइलीची वाचन-परवानगी मर्यादित असावी अशा अर्थाची त्रुटी दाखवून जावा सुरू होण्याचे नाकारते. हे चांगलेच आहे. विंडोजवर हीच गोष्ट फाइलीच्या सिक्युरिटी टॅबमधून करावी लागते: वारशाने आलेल्या परवानग्या तोडून फक्त मालकाला ठेवावे.

पडताळणी: जावा ११ वर पहिल्यांदा सुरू झाल्यानंतर ही फाइल उघडली, तर साध्या पासवर्डाच्या जागी लांबलचक हॅश, म्हणजे पासवर्डाचे सांकेतिक रूप, दिसतो. तो बिघाड नाही. परवानगी ४०० ठेवली असेल तर फाइलीत लिहिता न आल्याने हे रूपांतर होत नाही आणि पासवर्ड साधाच राहतो, म्हणून ६००.

## टप्पा ५: फायरवॉलचे नियम, सेटिंगच्या आधी

बहुतेक जण फायरवॉल शेवटी करतात. पोर्ट चालला की समाधान होते, आणि फायरवॉल राहून जाते ती कायमची. म्हणून मी हा टप्पा आधी ठेवला आहे. नियम तयार असतील तर पोर्ट उघडतानाच तो कुंपणाच्या आत उघडतो.

येणाऱ्याचा पत्ता ठरवण्याची जागा हीच. "होस्ट" या सेटिंगमध्ये देखरेखीच्या संगणकाचा पत्ता, म्हणजे १०.२१ लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. "याच्याकडूनच घे" असे त्यांना सांगायचे असते, पण सेटिंगचा अर्थ "इथे बस" असा आहे. आणि दुसऱ्याच्या ओट्यावर सर्व्हरला बसता येत नाही.

यूएफडब्ल्यू ही लिनक्सवरील फायरवॉल वापरत असाल तर क्रम असा ठेवावा:

१. एसएसएचचा २२ आणि ॲप्लिकेशनचा पोर्ट यांना परवानगी देणारे नियम आहेत का, ते पाहावे. नसल्यास आधी लिहावेत.
२. १९२.१६८.१०.२१ कडून १९२.१६८.१०.५ कडे, टीसीपी, पोर्ट ९०१० अशी परवानगी लिहावी. तशीच दुसरी ९०११ साठी.
३. आत येणाऱ्या जोडण्यांचे मूळ धोरण नकाराचे आहे याची खात्री करावी.
४. त्यानंतरच फायरवॉल चालू करावी.

इशारा: पहिला क्रमांक सोडून चौथा केला तर दुरून आलेल्याची जोडणी संपली. यूएफडब्ल्यूमध्ये वरून पहिला जुळणारा नियम लागू होतो, म्हणून ९०१० ला सरसकट परवानगी देणारा एखादा जुना नियम यादीत वर राहिला असेल, तर खालचा काटेकोर नियम शोभेचा ठरतो. नियम क्रमांकांसह छापून पाहावेत आणि जुना नियम काढावा.

फायरवॉल-डी ही लिनक्सवरील दुसरी फायरवॉल वापरणाऱ्यांनी "परमनंट" पर्यायाने लिहिलेला नियम रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही, आणि त्या पर्यायाविना लिहिलेला नियम सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर उरत नाही, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा ६: सेटिंग लिहिणे

टॉमकॅटच्या बिन फोल्डरात "सेटएन्व्ह" नावाची शेल फाइल तयार करावी. मूळ टॉमकॅटमध्ये ती नसते, आपणच करावयाची असते. कॅटॅलिना नावाच्या मूळ फाइलीत ओळी घालू नयेत. विंडोजवर टॉमकॅट सेवा म्हणून चालत असेल तर ही फाइल वाचलीच जात नाही. तिथे टॉमकॅटच्या मॉनिटर खिडकीतील जावा टॅबमध्ये एकेका ओळीवर एकेक सेटिंग लिहावी.

सेटिंग "कॅटॅलिना ऑप्ट्स" या चलात घालाव्यात, "जावा ऑप्ट्स" मध्ये नव्हे. हा फरक नावापुरता नाही. जावा ऑप्ट्स टॉमकॅट बंद करण्याच्या आज्ञेलाही लागू होते. मग बंद करणारी जावा प्रक्रियासुद्धा ९०१० उघडू पाहते, तो आधीच व्यापलेला असतो, आणि टॉमकॅट बंद होत नाही. सर्व्हर रीस्टार्ट करताना प्रत्येक वेळी प्रक्रिया मारावी लागत असेल, तर आधी हे तपासावे.

चलात नवे मूल्य लिहिताना जुने मूल्य पुढे चालू ठेवावे, म्हणजे अवतरणचिन्हांत आधी त्याच चलाचे नाव डॉलरचिन्हासह आणि मग आपल्या सेटिंग. तसे न केल्यास आधी इतरत्र दिलेली मेमरीची मर्यादा पुसली जाते आणि दुसऱ्याच दिवशी "सॉफ्टवेअर संथ झाले" अशी ओरड सुरू होते. तिचा व्यवस्थापन पोर्टशी संबंध असेल असे कोणाला सुचतही नाही.

आता सेटिंग. प्रत्येकीच्या आधी वजाचे चिन्ह आणि मोठ्या लिपीतील डी हे अक्षर, मध्ये जागा न सोडता.

१. पोर्ट: ९०१०. पहिली जोडणी इथे होते.
२. आरएमआय.पोर्ट: ९०११. प्रत्यक्ष बोलणे इथे होते. ही ओळ न लिहिल्यास जावा प्रत्येक वेळी वेगळा पोर्ट निवडते आणि फायरवॉलचा नियम लिहिणे अशक्य होते.
३. होस्ट: १९२.१६८.१०.५. हाच ऐकण्याचा पत्ता, आणि हा सारा लेख या ओळीसाठी आहे.
४. ऑथेंटिकेट: ट्रू.
५. पासवर्ड.फाइल आणि ॲक्सेस.फाइल: चौथ्या टप्प्यातील फाइलींचे पूर्ण मार्ग.
६. एसएसएल (जोडणी कूटबद्ध करणे): ट्रू किंवा फॉल्स, याविषयी खाली.
७. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम: १९२.१६८.१०.५. याला वरचे समान आद्यपद लागत नाही. हे नाव एवढेच आहे. हा सांगण्याचा पत्ता.

तिसरी आणि सातवी ओळ यांत पत्ता एकच असला तरी काम वेगळे आहे. फक्त सातवी लिहिली तर जोडणी व्यवस्थित होते, देखरेख सुरू होते, आणि पोर्ट मात्र सर्व कार्डांवर उघडाच राहतो. "काम झाले" असे वाटायला लावणारी हीच ती चूक. फक्त तिसरी लिहिली तर उलटे होऊ शकते: पोर्ट योग्य जागी बसतो, पण सर्व्हर स्वतःच्या नावावरून काढलेला भलताच पत्ता कळवतो. डेबियन आणि उबंटूच्या होस्ट्स फाइलीत सर्व्हरच्या नावापुढे अनेकदा १२७.०.१.१ असतो, तो देखरेखीच्या संगणकाला कळवला गेला, की तो संगणक स्वतःच्याच दारावर थापा मारत बसतो.

एसएसएलविषयी माझे मत स्पष्ट आहे. कार्यालयीन पत्त्यावर पोर्ट उघडायचा असेल आणि त्या नेटवर्कवर दहापंधरा संगणक असतील, तर एसएसएल ट्रू ठेवून कीस्टोअर (प्रमाणपत्र ठेवण्याची फाइल) तयार करण्याचे कष्ट घ्यावेत, कारण फॉल्स असताना पासवर्ड तारेवरून उघडा जातो. ते कष्ट नको असतील तर लूपबॅक आणि बोगदा हा मार्ग घ्यावा. तिथे एसएसएल फॉल्स चालते, कारण एसएसएच स्वतःच सारे झाकून नेते. उघडा पत्ता आणि फॉल्स ही जोडी मी कोणाला सुचवणार नाही.

इशारा: या ओळी व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलीतून चिकटवू नयेत. तिथे वजाच्या चिन्हाची लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात. डोळ्यांना फरक कळत नाही, जावाला कळतो. याहून कपटी गोष्ट म्हणजे, डीनंतरच्या नावात एखादे अक्षर चुकले तर जावा तक्रार करत नाही. अनोळखी नाव ती निमूटपणे बाळगते आणि पुढे जाते. "होस्ट" ऐवजी "होस्टनेम" लिहिले तरी सर्व्हर सुरू होतो, पत्ता मात्र बांधला जात नाही. म्हणून सर्व्हर सुरू झाला हा पुरावा धरू नये.

## टप्पा ७: पुन्हा सुरू करणे आणि आतून तपासणे

टॉमकॅट बंद करावा, प्रक्रिया खरोखर संपली हे पाहावे आणि मग सुरू करावा. पहिल्या टप्प्यातील एसएस आज्ञा पुन्हा चालवून यादी जुन्या कागदाशेजारी ठेवावी. ९०१० आणि ९०११ या दोन्हींपुढे १९२.१६८.१०.५ दिसला पाहिजे. एकापुढे पत्ता आणि दुसऱ्यापुढे तारांकन दिसले तरी काम अपुरे आहे.

जावाच्या नावावर आणखी एक मोठ्या आकड्याचा, दर वेळी बदलणारा पोर्ट सर्व पत्त्यांवर दिसेल. त्याच संगणकावरील साधनांसाठी जावा तो स्वतः उघडते आणि बाहेरून आलेली जोडणी तिथे नाकारते. फायरवॉलचे मूळ धोरण नकाराचे असल्याने तो तसाही झाकलेला आहे.

अपेक्षित पत्ता दिसला नाही, तर "जेसीएमडी" हे जावाचे साधन टॉमकॅटच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवून प्रक्रियेच्या सिस्टिम प्रॉपर्टी छापाव्यात. आपली सेटिंग त्यात नसेल तर सेटएन्व्ह फाइल वाचली गेलेली नाही. असेल आणि तरीही पोर्ट उघडाच असेल, तर नावातले अक्षर न् अक्षर तपासावे. तेही बरोबर असेल तर जावाची आवृत्ती जुनी आहे.

टॉमकॅट सुरूच झाला नाही तर लॉगमध्ये तीनपैकी एक संदेश सापडतो. "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" म्हणजे "होस्ट" मधला पत्ता या संगणकाचा नाही. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" किंवा तत्सम काही म्हणजे पोर्ट व्यापलेला आहे, बहुधा न मेलेल्या जुन्या प्रक्रियेने. पासवर्ड फाइलीविषयीचा संदेश चौथ्या टप्प्याकडे परत पाठवतो.

## टप्पा ८: बाहेरून तपासणे

सर्व्हरवर बसून केलेली जोडणी काहीच सिद्ध करत नाही, कारण ती फायरवॉलच्या नियमांतून तशी जातच नाही. तीन ठिकाणांहून तपासावे.

पहिले, देखरेखीच्या संगणकावरून, म्हणजे १०.२१ वरून: ९०१० आणि ९०११ दोन्ही लागले पाहिजेत, आणि मॉनिटररोलने जेकन्सोल उघडून मेमरीचा आलेख हलताना दिसला पाहिजे. दुसरे, कार्यालयातील कोणत्याही इतर संगणकावरून: दोन्ही लागता कामा नयेत. तिसरे, वजनकाट्याच्या वायफायवर लॅपटॉप जोडून १९२.१६८.२०.५ वर: तिथेही लागता कामा नयेत. पोर्ट लागतो की नाही हे लिनक्सवर नेटकॅटने आणि विंडोजवर पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शनने कळते.

तिसरी तपासणी करायला काट्यापर्यंत चालत जावे लागते म्हणून ती टाळली जाते. गल्लत असते ती नेमकी तिथे.

पहिल्या ठिकाणाहून पोर्ट लागतात पण जेकन्सोल बराच वेळ थांबून अपयशी होते, असे झाल्यास बहुतेक वेळा सांगण्याचा पत्ता चुकलेला असतो. जेकन्सोल लगेच नकार देत असेल, तर पासवर्ड किंवा एसएसएल पाहावे.

## कंटेनरमध्ये असाल तर

टॉमकॅट डॉकरमध्ये, म्हणजे स्वतःचे वेगळे नेटवर्क असलेल्या बंद कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालत असेल तर सहाव्या टप्प्यातील एक ओळ बदलते. कंटेनरच्या आत १९२.१६८.१०.५ हा पत्ता नसतोच, त्यामुळे "होस्ट" मध्ये तो लिहिल्यास प्रक्रिया उभी राहत नाही. आत सर्व पत्त्यांवर ऐकू द्यावे आणि पोर्ट बाहेर काढताना पत्त्यासह काढावा: आधी १९२.१६८.१०.५, मग बाहेरचा पोर्ट, मग आतला. सांगण्याचा पत्ता मात्र बाहेरचाच, १९२.१६८.१०.५. पत्ता न लिहिता पोर्ट काढला तर डॉकर तो सर्व कार्डांवर उघडतो, आणि डॉकरचे स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, म्हणजे पाचव्या टप्प्यातील मेहनत इथे लागू पडत नाही. येणाऱ्याचा पत्ता मर्यादित करायचा असेल तर नियम डॉकर-यूझर या साखळीत लिहावे लागतात. तेवढी खटपट करण्यापेक्षा १२७.०.०.१ वर पोर्ट काढून बोगदा वापरलेला बरा.

## टप्पा ९: वीज गेल्याचे नाटक

सारे बरोबर दिसल्यावर सर्व्हर आणि राउटर दोन्ही मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावेत, आणि तेही एकाच वेळी, कारण वीज गेली की ते तसेच सुरू होतात. सर्व्हर राउटरच्या आधी जागा होतो, कार्डाला पत्ता मिळायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात टॉमकॅट बसायला जागा शोधून हात टेकतो. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) वापरत असाल तर टॉमकॅटच्या युनिट फाइलीत "आफ्टर" आणि "वाँट्स" या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लिहावे. नुसते नेटवर्क टार्गेट पुरत नाही, कारण ते पत्ता मिळाल्याची वाट पाहत नाही. "रीस्टार्ट" ची ओळ ऑन-फेल्युअर आणि थांबण्याचा काळ पंधरावीस सेकंद ठेवला, तर पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा लागतो.

सर्व्हर उठल्यावर सातव्या आणि आठव्या टप्प्यातील तपासण्या पुन्हा कराव्यात. त्यानंतर सर्व्हरचा पत्ता, दोन्ही पोर्ट, परवानगी असलेल्या संगणकाचा पत्ता आणि सेटएन्व्ह फाइलीचा मार्ग एका कागदावर लिहून तो सर्व्हरच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवावा. पासवर्ड त्यावर लिहू नये.